भिंतीवरची घोषणा आणि जमिनीतला खड्डा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या भिंती वाचत जावे. २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हापासून या भिंतींना विश्रांती नाही. आधी हातात खराटा घेतलेले बाबा आले, मग निर्मल ग्राम पुरस्काराच्या पाट्या, आणि २०१४ नंतर गांधीजींचा चष्मा. मधल्या काळात ‘हागणदारीमुक्त’ हा शब्दही वेशीवर झळकला. वर्गात जो शब्द निघाला की मुले तोंडावर हात धरून हसतात, तो शासनाने मोठ्या अक्षरांत लिहिला याचे आम्हाला कौतुकच वाटते.

या घोषणा बहुधा दोनच गोष्टी सांगतात : शौचालय बांधा आणि ते वापरा. कारण म्हणून घरातील लेकीसुनांची अब्रू पुढे केली जाते. माश्या, हात, पाणी यांच्यामार्फत विष्ठेतील जंतू अन्नापर्यंत कसे पोहोचतात, हेही अधूनमधून चित्रात असते. पण कालव्याकाठच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीने आम्हाला जे सांगितले, त्याचे उत्तर कोणत्याच भिंतीवर नव्हते. ती म्हणाली, “आज्जी म्हणती, खड्डा लवकर भरंल. म्हणून बाप्यांनी बाहेरच जायचं.”

आजीची भीती बिनबुडाची नाही. खड्डा म्हणजे हौद, अशी तिची समजूत आहे. आणि हौद भरणारच. प्रत्यक्षात शोषखड्डा हौदासारखा बांधतच नाहीत. त्याच्या विटांमध्ये फटी ठेवतात आणि तळाला काँक्रीट घालत नाहीत. विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. ते आणि वरून ओतलेले पाणी फटींतून मातीत मुरते, वायूही मातीतच जिरतात. उरलेला थोडा गाळ जिवाणू कुजवतात. त्यामुळे पाच माणसांच्या घराला मीटरभर रुंद आणि त्याहून किंचित खोल खड्डा साधारण तीन वर्षे पुरतो.

मग तो भरल्यावर उपसायचा कोणी? खरा अडसर येथे आहे. पिढ्यान् पिढ्या हे काम ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने त्यावर बंदी आली, पण मनातली किळस आणि ‘ते काम आपले नव्हे’ ही भावना कायद्याने जात नाही. या प्रश्नाला तंत्राने दिलेले उत्तर म्हणजे दुसरा खड्डा. पहिला भरला की मधल्या छोट्या चौकोनी हौदीत एक वाट बुजवायची आणि दुसरी मोकळी करायची. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा. तेवढ्या काळात रोगजंतू मरतात. सर्वांत चिवट असतात ती जंतांची अंडी, म्हणून घाई करायची नाही. झाकण काढल्यावर हाती लागते ते काळसर, भुसभुशीत, वास नसलेले खत. ते घरच्या माणसाला फावड्याने काढता येते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वतः सफाईचे काम करत सोपा खतसंडास विकसित केला. १९६० मध्ये देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. मापुसकरांनी तीच वाट पुढे नेली आणि गावकऱ्यांशी वर्षानुवर्षे बोलत देहूत घरोघर शौचालये उभी केली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, त्या देहूची ही गोष्ट याच वाटेवरच्या शाळांत सांगायला हवी.

भिंतीवरच्या जाहिरातीची आणखी एक अडचण आहे. ती साऱ्या राज्याला एकच असते, जमीन मात्र एक नसते. बारामती तालुक्यातला सुपे-मोरगावकडचा भाग जिराईत. तेथे प्रश्न पाण्याचा; म्हणून तीव्र उताराचे भांडे आणि २० मिलिमीटर पाण्याचा अडसर ठेवणारा सापळा बसवायचा, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये काम भागते. याउलट नीरा डाव्या कालव्याखाली काळी, चिकण जमीन आहे. कित्येक ठिकाणी भूजल वर आलेले आहे. येथे पाणी सावकाश मुरते आणि खड्ड्यातील घाण विहिरीपर्यंत जाण्याचा धोका असतो. अशा जागी खड्डा उथळ घेऊन जमिनीच्या वर उचलावा, भोवती वाळूचा थर द्यावा आणि विहिरीपासून किमान १० मीटर दूर राहावे. उजनीच्या फुगवट्याच्या कडेलाही हीच काळजी घ्यावी लागते.

शाळेत हे पाहता येते. आवारात हातभर खोल, वीतभर रुंद खड्डा करा. तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. वर फळी ठेवायला विसरू नका, नाहीतर कोणाचा तरी पाय जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आत पट्टी उभी करा आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी नोंदवा. कालव्याखालच्या एका शाळेने आणि जिराईत भागातल्या एका शाळेने आपापले आकडे पत्राने एकमेकांना कळवले तर दोन्ही वर्गांना भूगोलाच्या पुस्तकात नसलेला तालुका दिसेल.

त्या मुलीला आम्ही फळ्यावर दोन खड्डे काढून दिले होते. पुढच्या खेपेला ती आजीचा निरोप घेऊन आली : ते खत उसाला चालेल का? चालते, पूर्ण कुजलेले असेल तर. कच्च्या खायच्या भाजीला मात्र घालू नये.