दोन वर्षांच्या ओट्यासाठी

मुंबई, ठाणे, पुण्यात इमारत पुनर्विकासाला गेली की घर रिकामं करायची तारीख ठरते, भाड्याचे धनादेश हातात येतात आणि पोटमाळ्यावरच्या भांड्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. सल्ले दोन मिळतात. सगळं बांधून न्या, कधी काय लागेल सांगता येत नाही, हा एक. जुनं मोडीत काढा, तात्पुरत्या घरासाठी ऑनलाइन मिळणारा स्वस्त सेट पुरे, हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की निवड भांड्यांपासून सुरू करायची. खरं तर कुठलं भांडं उपयोगाचं हे भाड्याच्या घरातला गॅस, ओट्याजवळचा विजेचा प्लग आणि नळाचं पाणी ठरवतात, आणि यांतलं काहीही भाडेकरूला सहज बदलता येत नाही. शिवाय ‘तात्पुरतं’ हा शब्द फसवा आहे. सहकार कायद्याच्या कलम 79(अ)खालच्या मार्गदर्शक सूचना पुनर्विकासाला दोन वर्षं, अपवाद म्हणून तीन वर्षं देतात. रखडलेल्या इमारतींची उदाहरणं मात्र प्रत्येक उपनगरात आहेत. तेवढ्या काळात रोज दोन वेळा चूल पेटणारच आहे.

आधी गॅस. आपली शेगडी कुठेही चालते असं गृहीत धरलं जातं, तसं होत नाही. सिलिंडरमधला एलपीजी आणि नळाने येणारा गॅस हे वेगळे पदार्थ आहेत. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन असतो, तेवढ्याच आकारमानात तो एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता देतो, म्हणून त्याच्या नोझलचं भोक मोठं ठेवावं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच नळाला जोडली तर ज्योत मंद राहते. नळाची शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, पिवळी होते आणि भांडी काळी करते. नोझल बदलण्याचं काम किरकोळ असतं, पण ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं. सिलिंडरच्या घरात जाणाऱ्यांना वाटतं की नवी जोडणी घ्यावी लागेल. शहर तेच असेल तर भाडेकरार दाखवून पत्ता बदलता येतो. 5 किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. सोय मोठी, पण किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा बराच महाग पडतो. चार दिवसांची अडचण भागवायला ठीक, संसाराला नाही.

मग इंडक्शन घेऊन गॅसची कटकटच मिटवू, असा विचार येतो, आणि इथे समजुतींची गर्दी आहे. ‘स्टील आहे ना, मग चालेल’ ही पहिली. इंडक्शनची शेगडी स्वतः तापत नाही, चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा तळ तापवते. म्हणून तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ बाद होतातच, पण स्टीलची अनेक जुनी पातेलीही चुंबक धरत नाहीत. लोखंडी तवा आणि बिडाची कढई चालतात, तळ सपाट हवा एवढंच. दुसरी समजूत, कुठल्याही प्लगवर ती चालेल. 2000 वॉटची शेगडी पूर्ण जोरात चालताना सुमारे 9 ॲम्पियर प्रवाह ओढते. ओट्याजवळ बहुधा मिक्सरसाठीचा 6 ॲम्पियरचा छोटा प्लग असतो, त्याची मर्यादा 1400 वॉटच्या आतच संपते. 16 ॲम्पियरचा मोठा प्लग नसेल तर एक्स्टेंशन बोर्डाची वायर लोंबकळत ठेवून शेगडी चालवणं म्हणजे आगीला बोलावणं. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही: घडीची पोळी तव्यावरच पुरी होते, पण भाकरी आणि फुलका शेवटी ज्योतीवर फुगतात, भरताचं वांगं ज्योतीवरच भाजतं. ज्या घरात रोज भाकरी असते तिथे इंडक्शन एकटं पुरत नाही, मग ते कितीही आधुनिक असो.

खर्चाचं काय? ‘इंडक्शन फार वीज खातं’ आणि ‘इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त’ ही दोन्ही विधानं हिशेबाविना केली जातात. हिशेब अवघड नाही. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चांगली शेगडी त्यातली सुमारे दोन तृतीयांश भांड्यात पोचवते, म्हणजे 120 युनिट. इंडक्शन वीज जास्त काटकसरीने वापरतं, पण त्यातूनही दहा-पंधरा टक्के वाया जाते. तेव्हा एका सिलिंडरचं काम करायला सुमारे 140 युनिट लागतील. सिलिंडरच्या किमतीला 140 ने भागा. सिलिंडर 900 रुपयांना धरला तर उत्तर साडेसहाच्या आसपास येतं. विजेचा वाढीव युनिट त्याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडतं, नाहीतर नाही. मेख ‘वाढीव’ या शब्दात आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, 100 युनिटनंतर एकदम वर जातो. पंखे, फ्रिज, टीव्ही यांनी पहिला टप्पा आधीच खाल्लेला असतो. म्हणून चार माणसांच्या कुटुंबाला इंडक्शन मुख्य चूल म्हणून सहसा महाग पडतं. एकट्यादुकट्याच्या चहा, दूध, खिचडीला ते सोयीचं आहे.

चूल ठरली की भांडी. त्यांत नॉनस्टिकविषयीची भीती अर्धी खरी आहे. ज्या पीएफओए या रसायनामुळे ते बदनाम झालं, ते लेप तयार करताना वापरलं जाई. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी 2006 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात ते 2015 पर्यंत बंद केलं. उरला लेप, तो सुमारे 260 अंशांपर्यंत टिकतो. घावन, आंबोळी, धिरड्याला तेवढी उष्णता लागत नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर मात्र काही मिनिटांत ती मर्यादा ओलांडली जाते. फोडणीला आणि भाजणीला लोखंडाची कढईच बरी.

आता स्वस्त सेटचा प्रश्न. ‘नव्या घरात सगळं नवंच घ्यायचं आहे, मग आता चांगलं कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. नव्या घरात बदलतं ते ओट्याला आणि भिंतीला जोडलेलं: शेगडी, चिमणी, कपाटं. त्यांवर भाड्याच्या घरात पैसे घालू नयेत हे अगदी मान्य. पाण्याचं आरओ यंत्रही त्यातच धरा. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणेसारख्या जलाशयांचं, त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. टँकर किंवा बोअरचं पाणी नसेल तर आरओची गरज पडत नाही. पण तवा, कढई, दोन जाड बुडाची पातेली, परात, पोळपाट-लाटणं, मिक्सर आणि कुकर ही मंडळी आपल्याबरोबर नव्या घरात येतात. हलकं, पातळ बुडाचं पातेलं दूध करपवतं आणि वर्षभरात तळाला फुगून डुगडुगतं. सपाट तळ मागणाऱ्या इंडक्शनला ते मग चालतही नाही.

कुकरबाबत तर तडजोड नकोच. एका बर्नरवर डब्यांत वरण, भात आणि बटाटे एकदम शिजवणारं दुसरं साधन आपल्याकडे नाही, आणि भाड्याच्या घरात कित्येकदा दोनच बर्नर असतात. दोघांनाही छोटा, 3 लिटरचा पुरेल असं सांगितलं जातं, पण त्यात बहुधा एकावर एक डबे बसत नाहीत. 5 लिटरचा घ्या. जास्त आच म्हणजे लवकर शिजणं, हीही चुकीची समजूत. शिट्टीचं वजन दाब ठरवतं, त्या दाबाला पाणी सुमारे 120 अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं. पहिल्या शिट्टीनंतरची मोठी आच नुसती वाफ उडवते. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह 2021 पासून सक्तीचं आहे, तरी ते नसलेले कुकर स्वस्तात विकले गेले आणि त्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये ऑनलाइन बाजारांना दंडही केला. नवा घेताना झाकणावर किंवा बुडावर ते चिन्ह बघा. जुनाच नेणार असाल तर बांधाबांधीच्या आधी त्याच कंपनीची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे बसवून घ्या.