डोळे मिटले की फक्त काळोख! ज्यांना मनात चित्रच दिसत नाही, त्यांच्या आठवणी रंगवायच्या कशा?

डोळे मिटा आणि कारधाचा जुना पूल आठवून पाहा. वैनगंगेचे पात्र, पुलाचे खांब, पलीकडचा काठ. दिसले काही? भंडाऱ्यातल्या बहुतेकांना पुसटसे का होईना, एक चित्र दिसेल. काहींना सिनेमासारखे लख्ख दिसेल. मात्र काही जणांना मिटलेल्या डोळ्यांआड नुसता काळोख असेल. पूल कुठे आहे हे त्यांना पक्के माहीत असते. तिथली धोक्याची पातळी 245.50 मीटर आहे आणि ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता, हेही ते सांगतील. माहिती सगळी आहे, चित्र तेवढे नाही. या अवस्थेला 'अफँटेझिया' म्हणतात.

हा आजार आहे का?

नाही. डॉक्टर त्याची आजारांत गणना करत नाहीत. अशी माणसे शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. आपल्यात काही वेगळे आहे हे अनेकांना तिशी-चाळिशी उलटेपर्यंत कळतही नाही. याला मराठी भाषाही थोडी जबाबदार आहे. 'प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला', 'ते दृश्य नजरेपुढून हटत नाही' असे आपण सर्रास बोलतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचे तर नावच 'स्मृतिचित्रे'. अफँटेझिया असलेल्या माणसाला ही सगळी बोलण्याची पद्धत वाटते. समोरच्याला खरोखर काही दिसत असेल, अशी शंकाही त्याला येत नाही. मानसपूजेत मूर्ती डोळ्यांपुढे आणायला सांगितले, की तो मुकाट्याने डोळे मिटून बसतो आणि आपलेच लक्ष लागत नाही असे समजतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 मध्ये लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता : सकाळचे न्याहारीचे टेबल आठवा, ते किती स्पष्ट दिसते? काहींनी काहीच दिसत नसल्याचे कळवले. त्यानंतर सव्वाशे वर्षे या गोष्टीकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. मग मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांच्याकडे एक निवृत्त सर्वेक्षक आला. हृदयाच्या अँजिओप्लास्टीनंतर त्याच्या मनातली चित्रे अचानक बंद झाली होती. हा रुग्ण 2010 मध्ये शोधनिबंधातून जगासमोर आला. त्याविषयी वाचून 'आम्हाला तर जन्मापासूनच असे आहे' म्हणणारे लोक पुढे आले. अशा 21 जणांच्या अनुभवांवरून झेमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 'अफँटेझिया' हा शब्द रूढ केला.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सुमारे 0.8 टक्के लोकांना मनात चित्र दिसतच नाही. अगदीच धूसर दिसणारे धरले तर प्रमाण 3.9 टक्क्यांवर जाते. 2011 च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाखांच्या घरात आहे. तेच 0.8 टक्के इथे लावले तर साडेनऊ हजारांच्या आसपास माणसे होतात. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नव्हे. तरी शाळेच्या दोन-तीन वर्गांत मिळून असे एखादे मूल असू शकते, एवढे त्यातून समजते. 'डोळ्यांसमोर चित्र आणा आणि निबंध लिहा' या सूचनेवर ते मूल कोरा कागद घेऊन बसत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी शिक्षकांनी थांबायला हवे.

नाटक तर करत नाहीत ना?

'दिसत नाही' हे तपासायचे कसे, हा रास्त प्रश्न आहे. डेव्हिड मार्क्स यांची 1973 मधली 16 प्रश्नांची चाचणी आजही वापरतात, पण ती शेवटी स्वतःच्या सांगण्यावरच चालते. सिडनीतील जोएल पिअरसन यांच्या गटाने म्हणून शरीरालाच साक्षीला बोलावले. उजेडाची नुसती कल्पना केली तरी बहुतेकांच्या डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते. अफँटेझिया असलेल्यांची तशी हलली नाही. अंधाऱ्या खोलीत भीतीदायक गोष्ट वाचायला दिली, तेव्हा इतरांच्या त्वचेवर भीतीची नोंद झाली. यांच्या त्वचेवर जवळजवळ काहीच नाही. भीतीदायक फोटो दाखवले तेव्हा मात्र तेही इतरांसारखेच घाबरले.

खोली पाहा, आठवा, काढा

सगळ्यात बोलका प्रयोग चित्रकलेचा आहे. शिकागो विद्यापीठाच्या विल्मा बेनब्रिज यांनी 61 अफँटेझिया असलेल्या आणि 52 इतर लोकांना खोल्यांचे फोटो दाखवले आणि नंतर आठवून चित्र काढायला सांगितले. अफँटेझिया असलेल्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंगही कमी. काही ठिकाणी वस्तू काढण्याऐवजी तिचे नाव लिहिलेले होते. पण जी वस्तू काढली ती योग्य जागी आणि योग्य मापाची. शिवाय मूळ फोटोत नसलेल्या वस्तू त्यांनी इतरांपेक्षा कमी घुसडल्या. फोटो समोर ठेवून काढायला सांगितले तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे हात चांगला होता, नकाशा शाबूत होता; रंगरूप तेवढे हाती लागत नव्हते. 'द लिटिल मर्मेड'मधली एरियल साकारणारे अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन आणि पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनाही अफँटेझिया आहे, हे इथे आठवायला हरकत नाही.

यातून घरी खेळता येईल असा एक छोटा खेळ निघतो. दोघे जण आणि कागद-रंग एवढे पुरे. ज्याला चित्र दिसत नाही त्याने आठवण सांगायची, दुसऱ्याने रंगवायची. नियम एकच : 'ते कसे दिसत होते?' हा प्रश्न विचारायचा नाही. कुठे, किती, कशाच्या शेजारी, कशाचे बनलेले, हे विचारायचे. विहीर देवळाच्या कोणत्या हाताला? ओसरीला पायऱ्या किती? रंग आठवत नसेल तर जागा कोरी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. चित्र झाले की सांगणाऱ्याने ते तपासून दुरुस्त करायचे.

हे काम मोबाइलमधल्या एआय अ‍ॅपवर सोपवण्याचा मोह होईल. तिथे अडचण वेगळी आहे. 'नदीकाठचे जुने गाव' म्हटले की अ‍ॅप क्षणात देखणे चित्र देते, पण कोऱ्या जागा स्वतःच्या मनाने भरून टाकते. ज्याच्याकडे ताडून पाहायला मनात दुसरे चित्रच नाही, त्याच्यासाठी ती सुंदर चूकच पुढे आठवण होऊन बसू शकते.

भंडाऱ्यात ही गोष्ट निव्वळ खेळापुरती राहत नाही. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी केली. पुढे वैनगंगाकाठची कित्येक गावे उठली, घरे आणि धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. पुनर्वसित गावात वाढलेल्या मुलांनी ते जुने गाव पाहिलेलेच नाही. आजोबांना अफँटेझिया असेल तर त्यांनाही ते आता दिसत नाही. मृत आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, तसेच हे. पण कोणत्या घरानंतर कोणते घर, पार कुठे, नदीचा घाट किती पावलांवर, हे त्यांना विचारले तर बेनब्रिज यांच्या प्रयोगातल्या लोकांप्रमाणे ते बरोबर जागा दाखवण्याची शक्यता बरीच आहे. नातवाने पेन्सिल धरायची. आजोबांनी कुठे चौकोन काढून आत नुसते 'विहीर' असे लिहिले, तर ते तसेच राहू द्यायचे.