दोष झडपेचा की तेलाचा?

दहा-पंधरा वर्षे इमानाने चाललेली पेट्रोल मोटार हळूहळू कुरकुर करू लागते. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही, पेट्रोल अधिक लागते आणि एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की पडद्यावर 'पी ००११' असा काहीतरी कोड उमटतो. 'व्हीव्हीटी गेले' असे निदान होते आणि खर्चाचा मोठा आकडा कानावर पडतो. जुन्या गाडीच्या बाजारभावाशी तो ताडून पाहिला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: दुरुस्ती करावी की गाडी विकून मोकळे व्हावे? हा निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे. हा कोड कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. तो केवळ तक्रार नोंदवतो. तिचे मूळ पुष्कळदा इंजिन ऑइलमध्ये असते.

यंत्रणा काय आहे?

हवा आणि पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये घेणाऱ्या व जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह, कॅमशाफ्टच्या फिरण्याने उघडतात आणि मिटतात. पूर्वीच्या इंजिनांत ही वेळ कायमची ठरलेली असे. परंतु संथ गतीला सोयीची असलेली वेळ वेगात धावताना सोयीची ठरत नाही. हा तिढा सोडवण्यासाठी झडपांची वेळ बदलण्याचे तंत्र पुढे आले. होंडाने १९८९ मध्ये 'व्हीटेक' यंत्रणा आणली. तिची रचना वेगळी आहे. मात्र तीही तेलाच्या दाबावरच चालते. टोयोटाची 'व्हीव्हीटी-आय' १९९० च्या दशकात आली. २००३ मध्ये भारतात आलेल्या कोरोलाच्या १.८ लिटर इंजिनात हीच यंत्रणा होती.

तिचे कार्य समजण्यास कठीण नाही. कॅमशाफ्टच्या टोकाला, टायमिंग चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्या चाकात, पात्यांचे कप्पे असलेली एक बंद डबी असते. तिला फेजर म्हणतात. पात्यांच्या एका बाजूस तेलाचा दाब दिला की कॅमशाफ्ट थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूस दिला की मागे येतो. तेल कोणीकडे सोडायचे ते विजेवर चालणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला आज्ञा देतो इंजिनाचा संगणक. कॅमशाफ्ट खरोखर किती सरकला हे सेन्सर कळवतो. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसला नाही की दिवा लागतो.

म्हणजे जे तेल आपण केवळ वंगण समजतो, तेच येथे यंत्र हलवण्याचेही काम करते. ते कमी झाले, घट्ट झाले किंवा त्यात गाळ साठला, तर एकही भाग मोडलेला नसताना यंत्रणा अडते.

कोडची भाषा

इनटेक बाजूचे तीन-चार कोड वारंवार आढळतात. 'पी ००१०' हा व्हॉल्व्हच्या विद्युतमंडलातील दोष दाखवतो; म्हणजे वायर, कनेक्टर किंवा कॉइल तपासायची. 'पी ००११' म्हणजे कॅमशाफ्ट हवा त्यापेक्षा पुढे राहिला किंवा आज्ञेप्रमाणे सरकला नाही, आणि 'पी ००१२' म्हणजे तो मागे राहिला. या दोहोंत तेल आणि व्हॉल्व्ह यांच्यावर प्रथम संशय घ्यावा. 'पी ००१६' मात्र अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा परस्परमेळ चुकल्याचे तो सांगतो. चेन ताणली जाणे किंवा दात सोडून सरकणे हे त्याचे एक प्रमुख कारण असते. अनेक इंजिनांत चेन आणखी सरकली तर झडपा पिस्टनवर आदळतात. त्यामुळे हा कोड असताना, विशेषतः चेनचा खडखडाट ऐकू येत असेल तर, गाडी रेटत राहू नये.

भारतातील मोटारींना ओबीडी-२ प्रणाली २०१३ पासून बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या काही गाड्यांशी स्वस्तातला स्कॅनर संवाद साधू शकत नाही. अशा वेळी त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर असलेले गॅरेज गाठावे.

तपासणीचा क्रम

निदानाचा क्रम स्वस्तातून महागाकडे जाणारा असावा.

पहिली पायरी डिपस्टिकची. गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळी पाहावी. जुनी इंजिने तेल खातात. कोरोलाच्या याच इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्यासाठी ओळखल्या जात. तेल शेवटचे कधी बदलले आणि कोणत्या ग्रेडचे घातले, याचीही नोंद शोधावी. 'गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. फेजरच्या अरुंद वाटांतून जाड तेल, विशेषतः इंजिन थंड असताना, सावकाश सरकते. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच वापरावा. तेल आणि फिल्टर बदलून, कोड पुसून काही दिवस गाडी चालवावी. कित्येकदा तक्रार येथेच मिटते.

दुसरी पायरी ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची. मीटरने कॉइलचा रोध मोजावा. वर उल्लेख केलेल्या कोरोलाच्या इंजिनात थंड अवस्थेत तो साधारण ७ ते ८ ओहम असतो. अन्य गाड्यांचा आकडा त्यांच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. नंतर इंजिन संथ चालू ठेवून मेकॅनिकने व्हॉल्व्हला क्षणभर बॅटरीचा प्रवाह द्यावा. इंजिन अडखळले किंवा बंद पडले, तर व्हॉल्व्ह आणि फेजर दोन्ही हलत आहेत असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह अडकला आहे, त्याची जाळी तुंबली आहे किंवा फेजर जाम आहे. बारीक जाळीचा हा छोटा फिल्टर अनेक इंजिनांत असतो आणि तो बहुधा विसरला जातो. तो काढून साफ करण्याचा खर्च फेजरच्या तुलनेत नगण्य आहे.

तिसरी पायरी तेलाच्या दाबाची. दोष केवळ इंजिन तापल्यावर दिसत असेल, तर गेज लावून दाब मोजावा. तेल पातळ झाल्यावर दाब पडत असेल, तर झीज पंपाची किंवा बेअरिंगची असू शकते. तेथे नवा फेजर बसवून उपयोग होत नाही. याउलट सकाळी इंजिन सुरू करताच क्षण-दोन क्षण खडखड येऊन थांबत असेल, तर फेजरची लॉक-पिन किंवा चेनचा टेन्शनर यांच्याकडे लक्ष जावे.

एवढे सर्व निर्दोष निघाले तरच चेन आणि फेजर उघडण्याचा विचार करावा. ते काम निघालेच, तर चेन, टेन्शनर व गाइड यांची अवस्था त्याच वेळी पाहून घ्यावी; तीच मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागत नाही.

मालकाने काय विचारावे?

मेकॅनिकचे कसब ग्राहकाला यावे अशी अपेक्षा नाही. परंतु तीन प्रश्न अवश्य विचारावेत. नेमका कोड कोणता आला? कॅमशाफ्टचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन यांत स्कॅनरवर किती फरक दिसतो? आणि व्हॉल्व्ह, जाळी व तेलाचा दाब तपासला का? यांची उत्तरे मिळण्यापूर्वी फेजर बदलण्यास होकार देऊ नये. वेळेवर बदललेल्या योग्य तेलाचा खर्च जुन्या गाडीच्या मालकाला जड वाटतो खरा. पण गाळाने अडलेल्या यंत्रणेच्या दुरुस्तीपुढे तो किरकोळच ठरतो.