साखर, मीठ आणि विहिरीचे पाणी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. उसाच्या माणसाने औषधपाण्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण पावसाळ्यात गटागटांतून फिरताना शेतकी खात्याच्या माणसांना एक दुखणे वस्तीवस्तीवर भेटते. त्यावर पहिल्या तासाला लागणारी पाणी, मीठ आणि साखर ही तिन्ही जिन्नस प्रत्येक सभासदाच्या घरात बारमाही असतात. त्यांतली साखर तर आपल्याच उसाची. असे असूनही या दुखण्यात माणसे दवाखान्यात उशिरा पोचतात आणि लहान पोरे हाताशी येता येता जातात. ते दुखणे म्हणजे जुलाब-वांती.

जुलाबात माणूस दगावतो तो पोटातल्या घाणीने असा पुष्कळांचा समज आहे. बहुतेक वेळा खरे कारण निराळे असते. अंगातले पाणी आणि त्याबरोबरचे क्षार निघून जातात, रक्त आटते, आणि मग माणूस ढासळतो. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून लिटरभर पाणी गेले, की ते मूल जिवावरच्या धोक्यात आले असे समजावे. लिटरभर म्हणजे किती, तर एक बाटली. पातळ चार-सहा ढाळ आणि दोन उलट्या झाल्या की तेवढे जायला वेळ लागत नाही.

आणि नेमक्या याच वेळी घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, ‘पाणी देऊ नका, पाण्याने ढाळ वाढतात. पोट कोरडे राहू द्या.’ काही घरांत तर तान्ह्याचे अंगावरचे दूधही तोडतात. गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर खोडव्याची नोंद घ्यायला गेलो असता असेच एक पोर पाहिले. डोळे खोल गेलेले, रडत होते पण डोळ्यांत पाणी नाही. सकाळपासून पाणी तोडलेले. आजीबाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या सासूने त्यांना तसेच शिकवले होते. पोराला गाडीवर घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले आणि ते वाचले, पण दिवस मावळेपर्यंत कोणी गेले नसते तर काय, हा विचार मनातून जात नाही.

पाट फुटला की आपण आधी मोटर बंद करतो, तसाच हा हिशेब आहे. पण पाणी बंद झाले तरी ऊस आठ-दहा दिवस तग धरतो. लहान मुलाला तेवढी सवड नसते, कधी एका रात्रीचीही नसते. आणि पाणी तोडल्याने जुलाब थांबतही नाहीत. जाणारे जातच राहते, येणारे मात्र बंद होते.

आता यात साखरेचे काम काय? नुसते पाणी पाजले तर जुलाबात आतडे ते पुरेसे उचलत नाही. मीठ उचलायची आतड्याची एरवीची वाटही अशा वेळी नीट चालत नाही. पण एक वाट पटकीसारख्या दुखण्यातही उघडी राहते. आपल्याकडे टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाचा तो अर्धा कोयता. आतड्यातल्या या दारातही तसेच आहे. ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने आले तरच दार दोघांना आत घेते, आणि त्यांच्यामागे पाणी आपोआप आत ओढले जाते. साखर इथे ताकदीसाठी नाही. मीठ आणि पाणी आत नेणारी ती जोडीदारीण आहे.

ही गोष्ट प्रयोगशाळेत 1960 नंतरच्या दशकात कळली, पण तिची खरी परीक्षा 1971 साली झाली. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून, पाण्यात कालवून पिंपांत भरले, आणि नातेवाइकांनाच ते आपापल्या रोग्याला पाजायला लावले. त्या छावणीत आधी शंभरातले तीसएक रोगी दगावत होते. ते प्रमाण चारांच्या आत आले. डॉक्टर महालनबीस 2022 साली वारले, आणि 2023 मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आज ज्याला आपण ओ.आर.एस. किंवा जलसंजीवनी म्हणतो ती हीच.

मात्र सभासद बंधूंनी इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. सगळी करामत मापात आहे. गोड जास्त केले की गुण जास्त येतो असे नाही, उलट नुकसान होते. हे समजायला डॉक्टरकी लागत नाही, क्षारपड जमीन पाहिलेली पुरे. खारवट वावरात पाणी उभे असते तरी ऊस सुकतो, कारण बाहेरचे पाणी मुळांपेक्षा जड झालेले असते. रोपाच्या मुळाशी युरियाची मूठ पडली तर भर ओलीत रोप माना टाकते, तेही याच कारणाने. आतड्यात फार गोड पाणी गेले की ते आत शिरायचे सोडून अंगातलेच पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.

म्हणून जुलाबात उसाचा रस पाजू नका. आम्ही उसाच्या धंद्यातले असून हे सांगतो. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स आपण 18 ते 20 मोजतो, म्हणजे लिटरभर रसात दीडशे ग्रॅमच्या वर साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून ठरवलेल्या ओ.आर.एस.मध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. रसात साखर दहा पटींहून जास्त आणि मीठ जवळजवळ नाहीच. शिवाय गुऱ्हाळावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही. बाटलीतली रंगीत थंड पेयेही याच माळेतली. दुकानातल्या कागदी डब्यांतल्या गोड पेयांवर ‘ओ.आर.एस.’ ही अक्षरे छापून विक्री चालत असे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तसे नाव वापरायला बंदी केली. तेव्हा पुडी घेताना वर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्यावे. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात पुडी फुकट मिळते.

मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्धी-मुर्धी करून पेल्यात टाकू नये. सगळी एकदम लिटरभर पाण्यात घालावी आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. छोट्या पुड्याही मिळतात, त्यांवरचे माप पाहावे. पुडी हाताशी नसेल तर उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा पाच मिलीचा हवा, शिगोशीग नको. (घरच्या साखरेतून निम्मेच ग्लुकोज निघते, म्हणून तिचे माप पुडीपेक्षा जास्त.) चव घेऊन पाहावी; डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे. मीठ जास्त झालेले पाणी लहान मुलाला घातक असते, म्हणून पोराबाळांच्या घरात दोन-तीन पुड्या आणूनच ठेवाव्यात हे बरे.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर ढाळेनंतर 50 ते 100 मिली, म्हणजे पाव ते अर्धी फुलपात्री, चमच्या-चमच्याने. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली. मोठ्या माणसाने पोटाला झेपेल तेवढे प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. पेज, वरणाचे पाणी, मऊ भात, केळे चालू ठेवावे. सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे 14 दिवस द्यायची असते. जुलाब थांबले म्हणून ती मधेच सोडू नये. मुलांना जुलाब बंद करायच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत.

शौचात रक्त, सतत उलटी, डोळे खोल, लघवी बंद, पोर मलूल पडून पिईनासे झालेले, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, यांतले काहीही दिसले तर घरचे उपाय पुरे झाले. 108 ला फोन लावावा, आणि वाटेतही पाजत राहावे.

आता मुळाकडे येऊ. हे दुखणे बहुधा तोंडावाटे येते, पाण्यातून आणि हातांतून. साबणाने हात धुण्याविषयी शाळेतली पोरे आपल्यापेक्षा जास्त जाणतात, ते त्यांच्याकडून शिकावे. आम्हाला बोलायचे आहे ते विहिरीविषयी.

पहिल्या दोन-तीन पावसांत रानातले, उकिरड्याचे आणि बांधाकडेचे सगळे धुऊन कठडा नसलेल्या विहिरीत उतरते. गढूळ पाणी निवळले म्हणजे शुद्ध झाले असे नाही. गाळ खाली बसतो, जंतू बसत नाहीत. विहिरीला कठडा आणि भोवती उताराचे पक्के जोते हवे. संडासाचा शोषखड्डा आणि उकिरडा 50 फुटांच्या आत नको. पिण्याच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकायची असते, आणि इथेही अंदाजाची ओंजळ चालत नाही. चांगल्या पावडरचे प्रमाण 1000 लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. समजा विहिरीचा व्यास 6 मीटर आहे आणि पाणी 4 मीटर आहे. व्यासाला व्यासाने गुणा, पाण्याच्या उंचीने गुणा, 3.14 ने गुणा आणि चाराने भागा. उत्तर 113 घनमीटर, म्हणजे एक लाख तेरा हजार लिटर. त्याला सुमारे 283 ग्रॅम पावडर लागेल.

पावडर कोरडी फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात आधी लाही करून कालवावी, मग पाणी वाढवून पाच-दहा मिनिटे ठेवावी. तळाला चुना बसतो, तो राहू द्यावा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि दोराने खाली-वर हिंदकळावी. रात्री उपसा थांबल्यावर हे काम सोयीचे. निदान एक तास पाणी काढू नये. नंतर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पाण्याला पिवळी झाक आली तर क्लोरिन शिल्लक आहे. झाक नाही, तर पाणी जास्त घाण होते किंवा पावडर मेलेली होती. उघड्या पोत्यात, दमट जागी ठेवलेली पावडर महिन्या-दोन महिन्यांत मरते. खताच्या गोदामात कोपऱ्यात पडलेले गेल्या वर्षीचे पोते म्हणूनच उपयोगाचे नाही.

राहिला प्रश्न टोळ्यांचा. हंगामात बीडकडून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या आपल्याच रानाकडेला पडतात, आणि ती माणसे आपल्याच विहिरीचे, नाहीतर पाटाचे पाणी पितात. कोपीत पोर जुलाबाने पडले की आई कोयता टाकून बसते, मग मुकादम चिडतो, आणि आपण चिटबॉयला विचारतो की तोड का थांबली. तोड हा झाला हिशेब. त्याआधी ते आपल्या दारी आलेले पोर आहे. ज्यांच्या रानाजवळ कोप्या पडतात त्या सभासदांनी पिण्याचे पाणी पाटाऐवजी झाकणाच्या टाकीतून द्यावे. त्यात क्लोरिनची गोळी किंवा द्रव पाकिटावरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे, आणि पाणी काढायला तोटी किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. नुसता हात बुडाला की गोळीचे काम वाया.

ज्यांना विहिरीचा हिशेब जमत नसेल त्यांनी विहिरीचा व्यास आणि पाण्याची उंची कागदावर लिहून गट ऑफिसात द्यावी. शेतकी खात्याची माणसे पावडरचे वजन काढून देतील. चौकोनी विहीर असेल तर लांबी, रुंदी आणि उंची लिहावी, आणि माप मीटरमध्ये की फुटांत तेही लिहावे.