मोराव्हियातील निळे कापड

युरोपच्या मध्यभागी असलेल्या झेक देशात ‘मोद्रोतिस्क’ नावाचे कापड तयार होते. शब्दाचा सरळ अर्थ निळी छपाई. गडद निळ्या जमिनीवर पांढरी फुले, ठिपके आणि वेली, एवढाच त्याचा थाट. नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. ऑस्ट्रिया, जर्मनी, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि झेक प्रजासत्ताक या पाच देशांना हा मान एकत्रित मिळाला. तथापि त्या वेळी झेक भूमीत परंपरेने चालत आलेल्या रंगशाळा दोनच उरल्या होत्या. एक ओलेश्नित्से या गावी, दुसरी स्त्राझ्नित्सेला. दोन्ही मोराव्हिया प्रांतात. बाकीच्या का बुडाल्या हे सांगायला फारशा संशोधनाची गरज नाही. या दोन का तगल्या, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे.

या कापडाचे मूळ शोधत गेले तर वाट भारतापर्यंत येते. सतराव्या शतकात डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून भारतीय छापील सुती कापड युरोपात उतरू लागले आणि त्याने तेथील विणकरांच्या पोटात गोळा आणला. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदीच घातली. बंदी टिकली नाही. युरोपीय कारागीर स्वतःच ते तंत्र उचलू लागले. डिंक, पांढरी माती आणि मोरचूद यांचा लेप लाकडी ठशाने पांढऱ्या कापडावर उठवायचा, तो वाळू द्यायचा, मग कापड नीळ, चुना आणि हिराकस यांच्या कुंडात बुडवायचे. बाहेर काढल्यावर ते हिरवट पिवळे दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. असे अनेकदा बुडवावे लागते. शेवटी सौम्य आम्लात लेप धुऊन निघतो आणि झाकलेली पांढरी नक्षी उघडी पडते. नीळही पूर्वी भारतातूनच जाई. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि तो व्यापार कोसळला. त्या तोट्याचा भार निळीच्या मळेवाल्यांनी चंपारणच्या कुळांवर लादला आणि १९१७ चा लढा उभा राहिला, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको.

झेक खेड्यात हे कापड सणाचे नव्हते. घागरा, एप्रन, डोक्याचा रुमाल असे कामाचे कपडे त्याचे होत, कारण ते टिकाऊ होते आणि त्यावर मळ दिसत नसे. सणाचा पोशाख वेगळा, भरतकामाने लगडलेला. ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असताना १८९५ मध्ये प्रागला लोकजीवनाचे प्रचंड प्रदर्शन भरले आणि वीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. शहरी झेकांना आपले राष्ट्र दिसले ते त्या भरजरी पोशाखात. राष्ट्राभिमानाने सणाचे वस्त्र डोक्यावर घेतले. रोजच्या वस्त्राचा बंदोबस्त तोवर गिरण्यांनी करून टाकला होता.

त्याला हात दिला तो सरकारी हुकमाने. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनेश यांच्या आदेशाने लोककलांच्या उत्पादनासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. १९४८ नंतर साम्यवादी राजवटीने खाजगी धंदे मोडून काढले, पण या दोन रंगशाळा त्या संस्थेच्या छत्राखाली आल्या. मालक गेले, काम राहिले. संस्थेने शिकलेले चित्रकार व आरेखक कारागिरांशेजारी आणून बसवले. त्यांनी जुन्या नक्षीतून शहरी स्त्रीचा पोशाख, टेबलावरचे कापड, पडदे घडवले. हीच राजवट एकीकडे मिरवणुकांतून व नृत्यपथकांतून लोकवेश मिरवत होती, आणि सक्तीच्या त्या उत्साहाचा तरुणांना वीट येत होता. त्या दिखाव्याचा जितका उपहास करावा तितका थोडाच. परंतु ज्या सत्तेने छोट्या धंद्यांचा गळा घोटला, तिच्याच एका खात्याने या कुंडांतील नीळ आटू दिली नाही, हेही नाकारता येत नाही. लोकवेशाची मिरवणूक काढणे आणि लोकांना नेसण्याजोगे कापड देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संस्थेने दुसरी केली, म्हणून रंगशाळा टिकल्या.

१९८९ ची क्रांती झाली, रंगशाळा मूळ कुटुंबांकडे परतल्या आणि संस्था १९९० च्या दशकात मोडीत निघाली. स्वातंत्र्य मिळाले, ते गिऱ्हाईक शोधण्याच्या जबाबदारीसह. आज नव्या पिढीचे काही वेशकार या कापडाकडे वळले आहेत, ही समाधानाची बाब. पण हाताने ठसा मारून वारंवार बुडवलेले कापड यंत्राच्या भावात विकणे शक्य नाही, आणि पर्यटक फार तर एखादी छोटी पिशवी घेतो. पिशव्यांवर रंगशाळेचा हिशेब कसाबसा जुळेलही, पण अंगभर कापड घेणारे गिऱ्हाईक घटले तर मोठे ठसे हळूहळू फळीवरच राहतील. त्यांतील काही नक्षी तीनशे वर्षांपूर्वीच्या आहेत.

यंत्राने छापलेली निळी पांढरी नक्कलही बाजारात आहे. दुरून फरक कळत नाही. कापड उलटून पाहावे लागते: नकलेची मागची बाजू फिकट असते, कुंडातून निघालेल्याची निळी.