फ्रीझच्या पुढे

वढू बुद्रुकचा एक पोरगा सणसवाडीच्या कारखान्यात जनरल शिफ्ट करतो आणि रात्री गावातल्या सभागृहात नाचतो. हिप हॉप त्याने मोबाइलवर बघून उचललं, गॅदरिंग आणि गणपतीतल्या स्पर्धांत पक्कं केलं. आता त्याला चार मुलांवर स्वतःचा नाच बसवायचाय, कंटेम्पररी अंगाचा. त्याचा सराव मी बघत बसतो.

हिप हॉपमध्ये गुडघा वाकलेला, वजन खाली, अंग ठेक्यावर झटकन थांबतं. कंटेम्पररीत तोल जाऊ द्यायचा, पडायचं आणि त्या पडण्याच्याच जोरावर उठायचं. जमिनीची त्याला भीती नाही. तळव्यावर, खांद्यावर अंग पेलणं बी-बॉयिंगने, म्हणजे ब्रेकडान्सने, शिकवलंय, ही मोठी शिदोरी. पण खाली गेला की सवयीने फ्रीझ मारतो, टाळीसाठी थांबल्यासारखा. तिथून उठायचं कसं, कुणाकडे बघत, किती वेळ घेत? खरं काम इथे सुरू होतं.

मुंबईचा मनीष चौहान याच वाटेने गेला. टॅक्सीचालकाचा मुलगा, आधी बी-बॉय. बॅलेसाठी मांडी कमरेपासून बाहेर वळवण्याची सवय लहानपणीच लावतात; हा मोठेपणी येहुदा माओर या इस्रायली गुरूंकडे ते शिकला आणि पुढे कंटेम्पररीकडे वळला. २०२० च्या ‘ये बॅले’ या चित्रपटात त्याने स्वतःवरच बेतलेली भूमिका केली. ‘कॉल मी डान्सर’ हा माहितीपटही त्याच्यावरच आहे. त्याची चिकाटी मला फार मोठी वाटते.

आमच्या पोराची अडचण मात्र दुसऱ्यांच्या अंगाची आहे. त्याच्या कोपराचा झटका बाकीच्यांना जमत नाही, नक्कल उथळ दिसते. परवा त्याने गाणं बंद केलं. चौघेही शाळेत लेझीम खेळलेले. ‘हातात काही नाही, फक्त बैठक घ्या,’ म्हणाला. चौघं खाली बसले, उठले, वळले. लेझमीचा छणछणाट नव्हता, तरी ताल सुटला नाही. पुढच्याचा श्वास ऐकून मागचा उठत होता. मग त्यातल्या एकाला त्याने उठताना अर्ध्यातच कलंडायला लावलं आणि दुसऱ्याला त्याचं वजन पाठीवर घ्यायला सांगितलं. या रचनेतलं मला सगळ्यात आवडलेलं ते हेच.

खाली शहाबादी फरशी आहे. गुडघे सोलवटतात, घोटे दुखतात. लाकडी फ्लोअर पुण्यातल्या स्टुडिओत मिळतो, पण शिफ्ट सुटल्यावर नगर रोडच्या गर्दीतून तिथे पोचेपर्यंत क्लास संपत आलेला असतो. असा एक फ्लोअर आमच्या शिरूर तालुक्यात व्हायलाच हवा.