गाडीची सीट घेताना बसणारीला विचारा



बचत, परतफेड, शेळीपालन, मसाला उद्योग यावर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. या सगळ्या कामांसाठी ज्यावर बसून आपण गावोगाव फिरतो, त्या गाडीच्या सीटचा.

हसू नका. यामागं कारण आहे. मी सीआरपी म्हणून काम करते, माझ्याकडे चार गावं आहेत. बैठका, बँकेची कामं, प्रभागसंघाची मीटिंग असं धरून दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर होतात, आणि रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. जुनी स्कूटी घेतली आणि सहा-सात महिन्यांत कंबर धरली. बैठकीत मांडी घालून बसले की उठताना दोघींचा हात लागायचा. मला वाटलं, चाळिशी आली, आता असंच चालायचं. अध्यक्ष ताईंना सांगूनही टाकलं की मार्चनंतर दुसरी सीआरपी बघा.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडीवर किती वेळ असता?" मग म्हणाल्या, "गोळ्या देते, पण आधी ती सीट बघा." घरी येऊन सीट दाबून बघितली, तर बोट थेट खालच्या पत्र्याला लागलं! फोम कधीचाच मेला होता. वर्षभर मी रेग्झिन घातलेल्या पत्र्यावर बसून फिरत होते.

त्यानंतर मी दोन चुका केल्या आणि तिसऱ्या वेळी काम नीट झालं. त्यातून जे कळलं ते इथं सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाया जायचे नाहीत.

सीटला हात लावण्याआधी

हिसके नेहमी सीटमुळंच बसतात असं नाही. म्हणून आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, चाकातली हवा. पंक्चरवाले दादा बऱ्याचदा अंदाजानं टम्म हवा भरून देतात. टायर दगडासारखा झाला की प्रत्येक खडा कमरेत जाणवतो. बऱ्याच स्कूटींना पुढच्या चाकात 22 आणि मागच्या चाकात एकटीसाठी 29 पॉइंट हवा सांगितलेली असते. डबलसीट असेल तर मागं जास्त लागते, 36 पर्यंत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. तो बघा आणि तोंडानं सांगून तेवढीच हवा भरून घ्या.

दुसरी, मागचे शॉकअप. तेल गळत असेल, किंवा मागून दाबल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत असेल, तर शॉकअप गेला असं समजा. सीटवर कितीही खर्च केला तरी त्याची भरपाई होत नाही. बऱ्याच मोटारसायकलींच्या शॉकअपला खाचा असतात, त्यावर तो कडक किंवा नरम करता येतो. नेहमी पोती वाहणाऱ्या गाडीचा शॉकअप कडक ठेवलेला असतो. त्याच गाडीवर तुम्ही एकट्या फिरलात तर हिसके बसणारच. मेकॅनिकला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही त्रास राहिला तर मग सीटकडं वळा.

मऊ सीट आणि चांगली सीट

माझी पहिली चूक इथंच झाली. आठवडी बाजारातून चारशे रुपयांचं गुबगुबीत कव्हर आणलं. दुकानात बोट दाबलं तर लोण्यासारखं! पहिले दोन दिवस छान गेले. दोन आठवड्यांत दुखणं होतं त्यापेक्षा वाढलं.

असं का होतं, ते समजून घ्या. आपण बसतो तेव्हा शरीराचं वजन कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर येतं. हातावर बसून बघा, ती हाडं लागतील. बायकांची ही हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा थोडी लांब-लांब असतात. फोम फार मऊ असला की ही दोन हाडं त्यात बुडून खालच्या पत्र्याला टेकतात आणि मधला फोम वर येऊन नाजूक जागी व माकडहाडावर दाबतो. म्हणजे जिथं आधार हवा तिथं तो मिळत नाही आणि जिथं दाब नको तिथं येतो.

चांगल्या सीटवर बसताना ती आधी थोडी घट्टच वाटते. अर्ध्या तासानंतर मात्र तिच्यावर अवघडल्यासारखं होत नाही. म्हणून दुकानात बोटानं परीक्षा करू नका. मूठ वळून पूर्ण वजन देऊन दाबा. खालचा तळ लागला तर ती सीट सोडा. जमलं तर गाडीला लावून निदान पंधरा-वीस मिनिटं बसा किंवा एक फेरी मारा.

आकारही बघा. मागचा भाग रुंद आणि सपाट हवा, म्हणजे दोन्ही हाडं सीटवर येतील. पुढचा भाग अरुंद आणि कडा गोल हव्यात. कडा टोकदार असेल तर मांडीखाली दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात. सीट पुढं उतरती असेल तर ब्रेक लावला की आपण घसरत पुढं जातो आणि सगळा भार मनगटांवर येतो.

कोणता फोम, कोणती गादी?

*पीयू फोम:* कंपनीच्या सीटमध्ये साच्यात ओतलेला हाच फोम असतो. चांगला मिळाला तर रोजच्या वापराला पुरेसा आहे.

*स्क्रॅप फोम:* फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेला असतो. रंगीबेरंगी ठिपके दिसतात. कडक आणि टिकाऊ, पण एकटा वापरला तर फार घट्ट. खालच्या थराला उत्तम.

*सोफ्याचा फोम:* हा स्वस्त आणि मऊ म्हणून गळ्यात मारतात. थोड्याच महिन्यांत बसतो. घेऊ नका.

*जेल पॅड:* वजन पसरवतो, त्यामुळं हाडांवरचा दाब कमी होतो. पण उन्हात गाडी उभी राहिली की तापतो आणि लवकर गार होत नाही. एप्रिल-मे महिन्यात बँकेबाहेर गाडी लावून दोन तासांनी बसून बघा, कळेल.

*हवेची गादी:* लांबच्या प्रवासाला बरी, पण टम्म भरायची नाही. बसल्यावर हाडं तळापासून जेमतेम बोटभर वर राहतील इतकीच हवा ठेवायची. बाभळीच्या काट्यांच्या गावात तिचं आयुष्य किती, हे तुम्हीच ठरवा. आणि ती डुलते, म्हणून एका बाजूनं बसणाऱ्यांनी वापरू नये.

*जाळीचं कव्हर:* याच्यातून वारा खेळतो, घाम साचत नाही. पाळीच्या दिवसांत किंवा उन्हाळ्यात मांड्यांना पुरळ येणाऱ्यांना याचा खरा उपयोग होतो. फक्त घट्ट बांधलेलं हवं. हलणारं कव्हर आणि सीटवर नुसती टाकलेली गोधडीची घडी, दोन्ही सारखीच धोक्याची.

दुकानदार "ताई, 40 डेन्सिटीचा आहे" असं म्हणतो. त्याचा अर्थ असा की त्या फोमच्या एक घनमीटरचं वजन 40 किलो आहे. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम जास्त टिकतो. तो कडक की मऊ, हे त्यावरून कळत नाही. ते वेगळं विचारा.

शेवटी मला जमलं ते असं: खाली स्क्रॅप फोमचा थर, वर साधारण इंचभर चांगला पीयू फोम. खालच्यानं आधार दिला, वरच्यानं हिसका खाल्ला.

पाय टेकले पाहिजेत

ही माझी दुसरी चूक. जास्त आराम मिळावा म्हणून दोन इंच फोम वाढवून घेतला. कंबर थांबली, पण सिग्नलला पाय टेकेना. एकदा ओढ्याजवळ वाळूत गाडी कलली आणि मी गाडीसकट आडवी झाले. नशीब, मागं कुणी नव्हतं.

बऱ्याच स्कूटींच्या सीटची उंची जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असते, मोटारसायकलची थोडी जास्त. पाच फुटांच्या आतल्या बाईला एक इंचही फार असतो. सीट पुढून रुंद केली तरी मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतात. म्हणून जुना मेलेला फोम काढून त्याच उंचीत नवा बसवायला सांगा. गाडीवर बसून दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मागं बसणारीचं काय?

आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी चालवत नाहीत, पण रोज गाडीवर बसतात. सीट बदलताना घरचे पुरुष स्वतः बसून बघतात, "मस्त आहे" म्हणतात आणि पैसे देऊन येतात. मागं बसणारीला कुणी विचारतच नाही! काही पोरं तर शोभेसाठी मागचा भाग उंच आणि उतरता करून घेतात. त्यावर लुगडं नेसलेली आई कशी बसेल?

एका बाजूनं बसल्यावर कंबर पिळलेली राहते आणि सगळं वजन एका कुल्ल्यावर येतं. दोन्हीकडं पाय टाकून बसणं कमरेलाही बरं आणि तोल जाण्याचा धोकाही कमी. आमच्या गटातल्या तीन जणी आता साडीच्या आत लेगिंग घालून तशा बसतात. पहिल्या दिवशी पारावरचे लोक बघत होते. आठ दिवसांनी कुणी मान वर करून बघेना.

ज्यांना एका बाजूनंच बसावं लागतं त्यांनी एवढं बघा:

- मागची जागा सपाट हवी आणि रेग्झिन खरखरीत हवं. चकचकीत रेग्झिनवर साडी घसरते.
- पाय ठेवायची लेडीज फुटरेस्ट पक्की हवी आणि दोन्ही पावलं तिच्यावर पूर्ण मावली पाहिजेत. पाय लोंबकळले की कमरेवर ताण येतो.
- धरायला कडी हवी.
- साडीगार्ड काढू नका. पदर कमरेला खोचा, ओढणी मागं गाठ मारून बांधा. चाकात ओढणी अडकून जीव जातात.

हे मागणं काही जास्तीचं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 123 प्रमाणे मोटारसायकलला मागच्यासाठी धरायची कडी, फुटरेस्ट आणि निम्मं मागचं चाक झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 128 प्रमाणे चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसू शकतो, तोही पक्क्या बसवलेल्या सीटवर. म्हणून सीट लांब करून तिघांची सोय करून घेऊ नका. फोम आणि कव्हर बदलणं वेगळं, पण गाडीची फ्रेम कापणं किंवा वेल्डिंग करून वाढवणं कायद्यालाही चालत नाही आणि जिवालाही. आणि हेल्मेट दोघांनाही, हे विसरायचं नाही.

कारागिराकडं गेल्यावर

तालुक्याच्या गावी सीट शिवणारे दादा असतातच. तयार सीट विकत घेण्यापेक्षा आपलीच सीट त्यांच्याकडून नव्यानं भरून घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि आपल्या मापाचं होतं. मला फोम, कव्हर आणि मजुरी मिळून नऊशे रुपये लागले. भाव गावागणिक बदलतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा. हे मात्र नक्की सांगा:

- "फोम माझ्यासमोर भरा." एकदा रेग्झिन चढलं की आत काय आहे ते दिसत नाही.
- "शिवण बसायच्या जागी नको, कडेला घ्या." शिवण टोचते आणि सुईच्या भोकांतून पावसाचं पाणी आत जातं. मग ऊन पडल्यावरही दोन दिवस साडी ओली होते.
- "फोम आणि रेग्झिनच्या मध्ये प्लास्टिक घाला."
- "काळा रंग नको." फिकट रेग्झिन उन्हात कमी तापतं.
- काम झाल्यावर सीटचं लॉक लागतं का, खालचे रबर जागेवर आहेत का, सीट हलते का, हे स्वतः हलवून बघा.

आणि एक गोष्ट. सीट हे औषध नाही. पायात कळ उतरत असेल, बधिरपणा येत असेल, किंवा सीट बदलून महिनाभरानंतरही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गरोदर ताईंनी खड्ड्यांच्या रस्त्यानं गाडीवर जाण्याआधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावं.

नऊशे रुपये, आणि तेही माझ्यासाठी?

खरं सांगते, मला सगळ्यात जड गेलं ते पैसे मागणं. पोराच्या फीसाठी, बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज मागताना तोंड अडखळलं नाही. पण "माझ्या गाडीच्या सीटसाठी" म्हणताना मान खाली गेली. कुणीतरी हसलंही. तेव्हा आमच्या कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या, "बैलाच्या मानेला जखम झाली तर आपण जू बदलतो की नाही? मग हिच्या कमरेचं काय?" कर्ज मंजूर झालं, दोन हप्त्यांत फेडलं.

मार्च येऊन गेला. मी अजून सीआरपी आहे, चारही गावं माझ्याकडेच आहेत. कंबर अधूनमधून बोलते, पण बैठकीतून उठताना आता कुणाचा हात लागत नाही.

तर सख्यांनो, आज संध्याकाळी गाडी दारात आली की एक करा. मूठ वळून सीट दाबून बघा, पुढची आणि मागची, दोन्ही. तळ लागला तर पुढच्या बैठकीत विषय काढा. दोघी-तिघींच्या सीट एकदम भरायला नेल्या तर दादा भावही कमी करतात.

तुमचीच,
एक सीआरपी ताई